गोळ्यांची स्ट्रिप वाचायची कशी: नाव, लाल रेघ, बॅच आणि बाकी बारीक अक्षरं

मागच्या वर्षी आईला आठ-दहा दिवस सारखी चक्कर येत होती. सकाळी उठली की भिंत धरून बाथरूमला जायची, आम्हाला आधी वाटलं मान असेल, मग वाटलं कान, शेजारच्या काकूंनी तर साखर कमी होत असणार म्हणून दोन दिवस गूळ-पाणी पाजलं. शेवटी मावसभाऊ घरी आला, त्याचं स्वतःचं मेडिकल आहे, त्याने चहा यायच्या आधीच आईचा गोळ्यांचा स्टीलचा डबा पलंगावर उलटा केला आणि दोन स्ट्रिप उचलून शेजारीशेजारी ठेवल्या. एक आमच्या नेहमीच्या डॉक्टरांची, दुसरी हॉस्पिटलमधून डिस्चार्ज देताना मिळालेली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, ब्रँडचं नाव वेगळं. आणि दोन्हींवर ब्रँडच्या वरच ठळक छापलेलं, टेल्मिसार्टन ४० एमजी. म्हणजे बाई रोज बीपीची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी घेत होती आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक तिची मान चोळत बसलो होतो.

डॉक्टरांना फोन केला, त्यांनी एक बंद केली, चार दिवसांत आई ठीक. तिला विचारलं की अगं हॉस्पिटलात विचारलं नव्हतं का, आधीच्या गोळ्या कुठल्या म्हणून? तर म्हणे, "विचारलं की. मी सांगितलं ना, बीपीची एक आहे, छोटी पांढरी." आता जगातल्या निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात.

त्यानंतर भावाकडून मी एकेक करून शिकले की स्ट्रिपवर काय छापायचं हे कंपनीच्या मर्जीवर नसतं, त्याला कायदा आहे, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम, आणि त्यात कुठलं अक्षर कुठे, कशाच्या वर, किती मोठं, इथपर्यंत लिहून ठेवलंय. सरकारने आपल्यासाठी छापून घेतलेलं आपण वाचत नाही इतकंच. तर आता घरातला डबा घ्या, चष्मा लावा, मोबाईलचा कॅमेरा झूम करायला हाताशी ठेवा आणि वाचत वाचत करत चला. आणि एक आधीच सांगते, हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही की बदलायची नाही. शंका आली की फोटो काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा, तेवढंच आपलं काम.

पहिली गोष्ट: खरं नाव शोधा

प्रत्येक औषधाला दोन नावं असतात. एक औषधाचं स्वतःचं, ज्याला आपण जेनेरिक नाव म्हणतो आणि कायद्याच्या भाषेत जे त्याचं खरं नाव, आणि दुसरं कंपनीने ठेवलेलं, म्हणजे ब्रँड. औषध एकच असलं तरी ब्रँड शेकडो असू शकतात. २०१८ साली नियमात बदल झाला की जेनेरिक नाव ब्रँडच्या नावापेक्षा निदान दोन फाँट साइज मोठं पाहिजे आणि तेही त्याच फाँटमध्ये, म्हणजे एक वळणदार-रंगीत आणि दुसरं मुंगीएवढं असा खेळ करायचा नाही. जीवनसत्त्वांची मिश्रणं वगैरे काही प्रकारांना यातून सूट आहे, त्यामुळे मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर ब्रँडच मोठा दिसला तर लगेच तक्रार करायला धावू नका. पण साधी बीपीची, शुगरची, ॲसिडिटीची एकच औषध असलेली गोळी घेतलीत तर मोठं अक्षर म्हणजे औषध आणि त्याच्या खालचं छोटं म्हणजे कंपनीचं बारसं, हे डोक्यात ठेवा.

नावाच्या मागे बहुतेक वेळा आयपी लिहिलेलं असतं. पेटंटबिटंट काही नाही त्यात, ते इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषध किती शुद्ध पाहिजे, कसं तपासायचं याचं सरकारी पुस्तक. पॅरासिटामॉल आयपी म्हणजे त्या पुस्तकातल्या कसोटीला उतरलं पाहिजे असं पॅरासिटामॉल. बीपी लिहिलं असेल तर ते ब्रिटिश फार्माकोपिया, त्याचा आपल्या ब्लडप्रेशरशी काही संबंध नाही. आमच्या एका काकांनी अँटिबायोटिकवर ते बीपी बघून गोळी घ्यायचीच थांबवली होती, म्हणून सांगितलं.

आता गंमत अशी की ही जेनेरिक नावं उगाच ठेवलेली नसतात. जागतिक आरोग्य संघटना ती ठरवते, पहिली यादी १९५३ ची, आणि एका घराण्यातल्या औषधांना आडनाव एकच देते. ते आडनाव ओळखता आलं तर अर्धी स्ट्रिप वाचून झाली. शेवटी सार्टन आलं तर बीपीचं एक घराणं, प्रिल आलं तर त्याचंच चुलत घराणं, डिपिन आलं तरी बीपी पण काम वेगळ्या पद्धतीचं, ओलोल म्हणजे बीटा ब्लॉकर, बीपी-हृदयाच्या गोळ्या, ग्लिप्टिन आणि ग्लिफ्लोझिन म्हणजे शुगर, स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल, प्राझोल म्हणजे ॲसिडिटी, फ्लॉक्सासिन म्हणजे अँटिबायोटिक, सेफ सुरुवातीला आलं तरी अँटिबायोटिक. डब्यात दोन सार्टन किंवा दोन प्राझोल दिसली की तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना विचारायचं, आमच्या घरी हे आधी कळलं असतं तर गूळ तरी वाचला असता. पण आडनावावरून डोळे मिटून निष्कर्ष काढू नका. निस्टॅटिन हे बुरशीचं औषध आहे, कोलेस्टेरॉलशी त्याचं काही नातं नाही, आणि ॲरिपिप्राझोल हे मानसिक आजारावरचं, ॲसिडिटीवरचं नव्हे. आडनावबंधू कुठेही असतात.

दुसरी: ब्रँडच्या नावावर भरवसा किती ठेवायचा

माझं मत विचाराल तर ब्रँडचं नाव ही स्ट्रिपवरची सगळ्यात कच्ची माहिती. आपण मात्र नेमकी तीच पाठ करतो.

भारतात ब्रँडच्या नावांचा इतका बाजार आहे की एकसारखी ऐकू येणारी नावं वेगळ्याच औषधांना असणं अजिबात दुर्मीळ नाही. हे कोर्टापर्यंत गेलेलं प्रकरण आहे, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मलेरियाची औषधं पण आतला माल वेगळा, आणि मजा म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या नावात कॅडिला. २००१ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की साबण-बिस्किटाच्या नावात गोंधळ झाला तर फार तर पैसे जातात पण औषधात जीव जाऊ शकतो, म्हणून इथे कसोटी जास्त कडक लावली पाहिजे आणि परवानगी देताना असं नाव आधीच कुणाचं आहे का हे तपासायचा विचार सरकारने करावा. मग सरकारने विचार केला, अठरा वर्षं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये नियम आला की ब्रँड नावाने औषध बनवायला परवाना मागणाऱ्या कंपनीने फॉर्म ५१ वर लिहून द्यायचं, आम्ही ट्रेडमार्कच्या नोंदी, इंटरनेट वगैरे शोधलंय आणि गोंधळ होईल असं दुसरं नाव आम्हाला सापडलेलं नाही. लिहून द्यायचं कुणी, तर कंपनीनेच. आपणच पेपर लिहून आपणच मार्क देण्यातला प्रकार, पण नसण्यापेक्षा बरा.

बाहेरच्या देशातही हे होतं बरं का. अमेरिकेत ॲसिडिटीचं लोसेक आणि लघवीचं लॅसिक्स यांची हस्ताक्षरात गल्लत व्हायला लागली म्हणून १९९० मध्ये लोसेकचं नाव बदलून प्रायलोसेक करावं लागलं. डॉक्टरांचं अक्षर हा जागतिक प्रश्न आहे.

दुसरा घोळ शेपटांचा. एकाच ब्रँडला मागे एच, एएम, एम, डी, प्लस, फोर्ट लावून आख्खं खानदान उभं केलेलं असतं. एच म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायझाइड, एएम म्हणजे ॲम्लोडिपिन, पण एम कधी मेटफॉर्मिन असतं, कधी मेटोप्रोलॉल, कधी मॉन्टेलुकास्ट, त्या अक्षराला कायद्याने काहीच अर्थ नाही, कंपनी जो देईल तो. फोनवरून गोळ्या मागवताना आपण शेपूट गिळतो आणि पोऱ्या दुसरीच घेऊन येतो. म्हणून मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर संपलेल्या स्ट्रिपचा फोटो पाठवायचा, आणि फोटो मागच्या बाजूचा, जिथे आत काय-काय आहे ते लिहिलेलं असतं.

तिसरी: किती ताकदीची

यात लोक सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, प्रत्येक गोळीत अमुक इतकं. त्यात बऱ्याचदा दोन आकडे असतात. समजा ॲम्लोडिपिन बेसिलेट, आणि पुढे, ॲम्लोडिपिन ५ एमजीच्या बरोबरीचं. औषध हे मिठाच्या, म्हणजे सॉल्टच्या रूपात घातलेलं असतं आणि दुसरा आकडा खऱ्या औषधाचा. मेटोप्रोलॉलचं उदाहरण तर डोकं फिरवणारं आहे, सक्सिनेट ४७.५ एमजी, जे टार्ट्रेट ५० एमजीच्या बरोबरीचं, असं बऱ्याच स्ट्रिपवर असतं. एका आजोबांना दुकानात भांडताना मी स्वतः पाहिलंय की मला पन्नासची लिहून दिलीय आणि तू साडेसत्तेचाळीसची काय देतोस. दुकानदार पण असा की त्याने समजावून न सांगता "बाबा सेम आहे" एवढंच दहा वेळा म्हटलं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, फक्त स्ट्रिप कुणीच वाचत नव्हतं. आणि सक्सिनेट आणि टार्ट्रेट हा फरक पण नुसता नावाचा नाही, सक्सिनेट साधारण हळूहळू सुटणाऱ्या गोळीत असतं आणि टार्ट्रेट पटकन सुटणाऱ्या, त्यामुळे सगळं नाव जुळलं पाहिजे.

नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, पीआर असं काही असेल तर ती गोळी पोटात हळूहळू सुटायला बनवलेली आहे, ती फोडून, चुरून किंवा चावून घ्यायची नाही. मधोमध खाच असलेल्या काही असतात त्या अर्ध्या करता येतात, पण ते विचारून. आजीला गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून मधातून देणारी घरं माझ्या माहितीत आहेत, तेव्हा हे मनावर घ्या.

आणि आता लहान मुलांचं. तापाचं पॅरासिटामॉल दुकानात निदान तीन रूपांत मिळतं, तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स, त्यात १ एमएलमध्ये १०० एमजी, मग सिरप ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५, आणि मोठ्या मुलांचं ५ एमएलमध्ये २५०. आता गणित करा, १ एमएल ड्रॉप्स म्हणजे १०० एमजी आणि तेवढंच १ एमएल १२५ वालं सिरप म्हणजे फक्त २५. चौपट फरक. ड्रॉप्सची बाटली सगळ्यात छोटी म्हणून सगळ्यात सौम्य असं वाटतं, असतं उलटंच. सिरपचं ५ एमएल म्हणून कुणी ड्रॉप्सचं ५ एमएल पाजलं तर काय होईल ते सांगायला नको. त्यामुळे डॉक्टरांनी "अडीच एमएल द्या" म्हटलं की विचारायचं, कुठल्या बाटलीचं? आणि चहाचा चमचा वापरायचा नाही, बाटलीबरोबर येतं ते माप किंवा सिरिंज.

सर्दीच्या सिरपवर आणखी एक ओळ शोधा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं लेबलवर छापायला २०२३ च्या डिसेंबरमध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी सांगितलंय. घरात मोठ्याचं उरलेलं सिरप धाकट्याला द्यायची सवय असेल तर ही ओळ आधी वाचा.

चौथी: लाल रेघ आणि आरएक्स

स्ट्रिपच्या डाव्या बाजूला उभी लाल रेघ दिसली की ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध. कोपऱ्यात आरएक्स असं चिन्ह आणि शेड्यूल एचची सूचना असते, शेड्यूल म्हणजे नियमांना जोडलेली औषधांची यादी. त्यावरचं पाऊल म्हणजे शेड्यूल एच-वन, हे १ मार्च २०१४ पासून आलं, तेव्हा ४६ औषधं त्यात घातली, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, कोडीन वगैरे. यात आरएक्स लाल रंगात आणि सूचना लाल चौकटीत असते. दुकानदाराने पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं, त्यामुळे तो नाव-पत्ता विचारतो तेव्हा "तुला काय करायचंय" असं म्हणू नका, त्याला ते करावंच लागतं. न विचारता देणारा जास्त काळजीचा.

एनआरएक्स लाल अक्षरात असेल तर अमली किंवा मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचा कायदाही त्याला लागू. एक्सआरएक्स म्हणजे शेड्यूल एक्स, त्याला चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात आणि एक दुकानदार दोन वर्षं ठेवतो. आणि शेड्यूल जी म्हणून एक प्रकार आहे, त्यावर फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्या अशा अर्थाची सावधगिरीची ओळ असते.

चिठ्ठीबद्दल पण नियम आहे जो फार कमी लोकांना माहिती असतो. तिच्यावर पेशंटचं नाव-पत्ता, डॉक्टरांची सही, तारीख, किती गोळ्या आणि कशा घ्यायच्या हे पाहिजे, आणि डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर त्या चिठ्ठीवर एकदाच औषध द्यायचं. आपण दोन-दोन वर्षं एकच फाटकी, तेलाचे डाग पडलेली चिठ्ठी चालवतो तो भाग वेगळा.

पाचवी: बॅच, तारीख, कुणी बनवलं

स्ट्रिपच्या एका टोकाला दाबून किंवा काळ्या शाईने छापलेलं असतं, बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्सपायरी आणि एमआरपी. एक्सपायरीला महिना आणि वर्ष असतं आणि नियमाप्रमाणे त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, म्हणजे जून लिहिलं असेल तर ३० जूनपर्यंत, १ जूनला टाकून द्यायची गरज नाही. पण हे बंद पाकिटासाठी. डोळ्यांचे ड्रॉप्स उघडले की महिनाभर, मग एक्सपायरी दोन वर्षांनंतरची का असेना. पावडरमध्ये पाणी घालून बनवायची मुलांची अँटिबायोटिक्स तर थोड्याच दिवसांची, किती ते बाटलीवर असतं. मी बाटलीवर बॉलपेनाने उघडल्याची तारीख लिहिते, सासूबाईंना ते वेडेपणाचं वाटतं.

बॅच नंबरला आपण किंमत देत नाही कारण तो कधी लागत नाही, पण लागतो तेव्हा दुसरं काहीच चालत नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या कोल्ड्रिफ सिरपने लहान मुलं दगावली, वीसहून जास्त, तमिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायथिलीन ग्लायकॉल निघालं, आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जी सूचना काढली ती होती बॅच एसआर-१३ साठी. त्या दिवशी राज्यात किती आयांनी बाटली उलटसुलट करून तो नंबर शोधला असेल, आणि ज्यांनी खोका फेकला आणि लेबल पाण्याने पुसट झालं त्यांनी काय केलं असेल. आपल्याकडे हे विष नवीन नाही, १९८६ साली मुंबईत जे. जे. हॉस्पिटलमध्ये याच डायथिलीन ग्लायकॉलची भेसळ असलेल्या ग्लिसरीनने १४ पेशंट गेले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. तेव्हा सिरपच्या बाटलीचा खोका औषध संपेपर्यंत ठेवायचा, फेकायचा नाही.

आणि आता कात्री. आपण पाच गोळ्या मागतो, दुकानदार स्ट्रिप कापतो, आणि कापताना बॅच-एक्सपायरीचं टोक एकाकडे जातं आणि दुसऱ्याला नुसत्या चंदेरी कागदातल्या गोळ्या. त्या गोळ्या घरी डब्यात वर्षभर पडतात. म्हणून कापून घ्यायची वेळ आलीच तर म्हणायचं, टोकाकडचा भाग मला द्या, नाहीतर तिथल्या तिथे पूर्ण स्ट्रिपचा फोटो काढायचा. आणि घरी गोळ्या वापरताना उलट्या बाजूने सुरुवात करायची, म्हणजे तारखेची गोळी सगळ्यात शेवटी. आई आधी मुद्दाम त्या टोकाची पहिली खायची, "तिथून सोपी फाटते" म्हणून.

कंपनीची दोन नावं दिसतील, एक बनवणारी आणि एक विकणारी. नावाजलेल्या कंपनीचा शिक्का मोठा असतो पण औषध हिमाचल नाहीतर उत्तराखंडातल्या दुसऱ्याच कारखान्यात बनलेलं असतं, यात बेकायदा काही नाही. मार्च २०२१ पासून विकणाऱ्या कंपनीलाही दर्जाची जबाबदारी घ्यावी लागते. बनवणाऱ्याचा लायसन्स नंबर मात्र असलाच पाहिजे. नसेल तर ती स्ट्रिप खाऊ नका. आणि डॉक्टरांसाठीचं सॅम्पल, विक्रीसाठी नाही, असं छापलेलं औषध कुणी पैसे घेऊन देत असेल तर तेही बेकायदा.

क्यूआर कोडबद्दल थोडक्यात. जास्त खपणाऱ्या ३०० ब्रँडवर तो सक्तीचा केलाय, १ ऑगस्ट २०२३ पासून बनलेल्या मालावर. स्कॅन केला की नाव, बॅच, तारखा, कारखान्याचा पत्ता आणि लायसन्स दिसायला हवा, तो स्ट्रिपवर छापलेल्याशी जुळतो का बघायचं. कोडची कॉपी कुणीही मारू शकतो हे लक्षात ठेवून बघायचं.

सहावी: हे औषध आहे तरी का?

यात सुशिक्षित लोक जास्त गंडतात. कॅल्शियम, प्रोटीन, सांध्यांच्या गोळ्या, केसांच्या गोळ्या, स्ट्रिप अगदी औषधासारखी, डॉक्टरांनीच लिहून दिलेली, आणि मागे बघावं तर औषधाचा लायसन्स नंबरच नाही, त्याऐवजी एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी नंबर आणि हेल्थ सप्लिमेंट, औषधी वापरासाठी नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते अन्न आहे, बिस्किटाच्या जातीतलं. औषधांच्या किमतीवरचं सरकारी नियंत्रण त्याला लागू नाही, म्हणून एमआरपी कधीकधी डोळे पांढरे करणारी. वाईटच असतं असं नाही, पण महिन्याच्या बिलात निम्मे पैसे यांचे असतील तर डॉक्टरांना सरळ विचारायचं, हे नाही घेतलं तर चालेल का? आमच्या घरी तीनातली दोन त्या प्रश्नावर गेली.

सातवी: किंमत, आणि "सेम आहे, कंपनी वेगळी"

एमआरपीत सगळे टॅक्स आलेले असतात, त्यावर एक रुपया जास्त घ्यायचा नाही, कमी घेता येतो. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे औषधांच्या किमती बघणारी केंद्राची संस्था, ठरवते, बाकीच्यांची वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. फार्मा सही दाम नावाचं त्यांचं ॲप आहे, नाव टाकून बघता येतं. किमती ताडून बघताना गोळ्या मोजा, एक स्ट्रिप दहाची आणि एक पंधराची असते आणि आपण स्ट्रिपला स्ट्रिप लावून बसतो.

आता दुकानातला नेहमीचा डायलॉग, "ही नाहीये, ही घ्या, सेम आहे, कंपनी वेगळी." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण नियम असा आहे की शेड्यूल एच किंवा एक्सच्या औषधासाठी चिठ्ठीत जे लिहिलंय त्याच्या जागी दुसरं द्यायचं नाही, आतलं औषध तेच असलं तरी नाही. मला हा नियम अर्धवट वाटतो, कारण एकीकडे डॉक्टरांनी जेनेरिक नावाने, सुवाच्य अक्षरात आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहावं असं २०१६ पासून त्यांच्या आचारसंहितेत आहे, दुसरीकडे ते ब्रँड लिहितात आणि तिसरीकडे दुकानदाराचे हात बांधलेले. यातून सोपा मार्ग एकच, डॉक्टरांकडेच सांगायचं, "डॉक्टर, कंसात औषधाचं नाव पण लिहून द्या." मग जनऔषधी केंद्रातही ती चिठ्ठी चालते, तिथे स्ट्रिपवर औषधाचंच नाव असतं आणि किंमत बरीच कमी. जनऔषधी सुगम ॲपवर जवळचं केंद्र सापडतं.

गोळी बदलून मिळालीच तर घरी येऊन जुनी आणि नवी स्ट्रिप शेजारी ठेवायची आणि चार गोष्टी जुळवायच्या, मोठ्या अक्षरातलं नाव, सॉल्ट, एमजी, आणि एसआर-ईआर आहे की नाही. चारही जुळलं तरच सेम. आणि जुनी स्ट्रिप डब्यातून काढून टाकायची, नाहीतर आमच्या आईसारखं दोन्ही चालू.

आठवी: परदेशात जाताना

मुलगा-सून बोस्टनला नाहीतर दुबईला, आईवडील सहा महिन्यांसाठी निघाले, आणि गोळ्या सगळ्या कापून-सुट्या करून सोमवार-मंगळवारच्या प्लॅस्टिकच्या डब्यात. असं नका करू. मूळ पाकिटात, जेनेरिक नाव लिहिलेल्या चिठ्ठीसकट न्या. तिकडे आपला ब्रँड कुणाला माहिती नसतो, आणि अमेरिकेत तर काही जेनेरिक नावंही वेगळी, आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, शुगरचं ग्लिबेनक्लामाइड म्हणजे ग्लायब्युराइड. तापाला आपली पॅरासिटामॉल घेतली आणि वर तिकडची ॲसिटामिनोफेनवाली सर्दीची गोळी घेतली तर तेच दोनदा झालं. दुबईकडे ट्रॅमाडॉल, कोडीनसारख्या औषधांवर कडक निर्बंध आहेत, लाल एनआरएक्स दिसलं की जायच्या आधी परवानगीचं बघा.

नववी: गडबड दिसली तर

बिल घ्यायचं. नेहमी. चिठ्ठीच्या औषधाच्या बिलावर डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, औषध, बनवणारी कंपनी, बॅच, एक्सपायरी आणि फार्मासिस्टची सही अपेक्षित असते. व्हॉट्सॲपवर आलेला "टोटल ४८०" हा मेसेज म्हणजे बिल नव्हे.

गोळी तुटलेली, रंग उडालेला, लेबलवर जेनेरिक नाव बारीक किंवा गायब, बॅच खोडलेली, असं काही दिसलं तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५, जिल्ह्याला सहायक आयुक्त (औषधे) यांचं ऑफिस असतं, तिथे लेखी दिलेलं जास्त बरं. लेबल नियमाप्रमाणे नसणं हाही कायद्यात गुन्हा आहे, कलम १७ प्रमाणे ते औषध मिसब्रँडेड ठरतं, आतला माल चांगला असला तरी. किमतीची तक्रार एनपीपीएकडे, १८००-१११-२५५. औषधाने त्रास झाला, पुरळ, सूज, काहीही, तर डॉक्टरांना सांगून झाल्यावर १८००-१८०-३०२४ वर नोंदवता येतं, तिथेही ते बॅच नंबर विचारतात. केंद्राची औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ, दर महिन्याला कमी दर्जाच्या निघालेल्या औषधांची यादी बॅचसकट जाहीर करते, त्यात आपला ब्रँड दिसला म्हणून घाबरायचं नाही, आधी बॅच जुळवायची.

आणि कलम २६ म्हणून एक आहे, त्याप्रमाणे तुम्ही-आम्ही कुणीही स्वतः विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी तपासनिसाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याचा रिपोर्ट मागू शकतो. त्यासाठी औषध हातात लागतं. दुकानदार अशा वेळी फार गोड बोलतो, "ताई, द्या इकडे, दुसरी स्ट्रिप देतो, कशाला त्रास." दुसरी घ्या हवी तर, पण आधीची परत देऊ नका, बिलाला टाचून ठेवा.